प्रकरण अकरावं : पितळी गोळ्या

घरापुढच्या ओट्यावर तीन डबे मांडून ठेवले होते आणि घरातलं एकही माणूस आपणहून त्यांना हात लावत नव्हतं.

फुफी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सूप घेऊन तूर निवडत बसलेली. निवडत कसली, नुसती बोटं फिरवत होती. खडा राहिला काय अन् गेला काय. दोन्ही कान ओट्याकडे.

पहिला डबा मुंबईहून आलेला, कंपनीचा, वर रंगीत कागद. दुसऱ्यात तिनं स्वतः भरलेली काडतुसं, बोथट तोंडाच्या शिसाच्या गोळ्यांची. तिसऱ्यात पितळी. चकचकीत, अन् टोक असं की सुईनं लाजावं. शेजारी खाटेवर रायफल आडवी ठेवलेली, घरात कुणी आजारी असावं तशी. अमेरिकेची, पन्नास बोराची. कडी खाली-वर केली की आपोआप नवं काडतूस वर येणारी. अख्ख्या तळोद्यात असली दुसरी नव्हती.

फुफीचं खरं नाव नजमुन्निसा. ते आता निकाहाच्या कागदावरच उरलं होतं. अठराव्या वर्षी विधवा होऊन ती भावाच्या घरी आली. भाऊ म्हणजे मुनव्वरमिया बंदूकवाले. या घराची रीत अशी की पुरुष बंदुका दुरुस्त करणार आणि बाया काडतुसं भरणार. चुलीवर शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, टरफलाच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, दारू मापून घालायची, वर गोळी दाबायची. लोकांच्या घरी बाया पापड लाटतात, इथे हे. चाळीस वर्षं घरातलं प्रत्येक काडतूस फुफीच्या हातून गेलं.

आणि सव्वा वर्षापासून तिला दारूच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी होती.

झालं असं होतं. मागच्या साली पौषात धाकटा पुतण्या युसुफ मोलगीच्या वर, डोंगरातल्या ओळखीच्या जामसिंगच्या गावाला डुकरांच्या मागे गेला. पहिलाच बार केला आणि रायफल फुटली. वरची नळी नाही, खालची. या रायफलीला मोठ्या नळीखाली एक बारीक नळी असते, घरात तिला पोटनळी म्हणत. काडतुसं तिच्यात एकामागं एक रांगेनं निजलेली असतात. ती पोटनळी फुटली; आता आहे ती नासिरनं नंतर बसवलेली. युसुफच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. शेजारी उभ्या असलेल्या नवलसिंगचा, म्हणजे जामसिंगच्या भावाचा, एक डोळा गेला. युसुफ तापात पडल्या पडल्या एवढंच म्हणाला, "फुफीनी टोपी वर ऱ्हाई गयी व्हती."

टोपी पूर्ण आत बसली नाही, जरा वर राहिली, की मागच्या काडतुसाच्या धक्क्यानं उडू शकते. हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक. फुफीचं वय साठीला आलेलं, डोळे कमी. कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही. नुसती दारूच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेची मोठ्या सुनेच्या कमरेला गेली.

"मियाभाई, दोन बाया फाडी टाक्यात अस्वलनी," आज ओट्यावर बसून जामसिंग सांगत होता. पहाटेच डोंगर उतरून आलेला. पुढ्यातला चहा तसाच. "मोहना झाडखाले. एकनं तोंडच नही ऱ्हायनं. आते कोन्हीच बाई रानमा जास नही. मोह खाले पडीसन सडी ऱ्हायना."

चैत महिना. मोह पडतो तो याच दिवसांत. बाया पहाटे वेचायला जातात अन् अस्वलही त्याच वेळी येतं. डोंगरावरच्या माणसाचं निम्मं वर्ष त्या फुलांवर निघतं.

"बंदूक शे," मुनव्वरमिया म्हणाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे ते बोलताना भिंतीकडे बघत. "नासिर येस तुन्हासंगे. फक्त काडतूस कोनतं, तेवढं ठरू दे."

नासिर मोठा पुतण्या. थोरल्या अंगाचा, थोड्या अकलेचा असं फुफी मनात म्हणायची, पण माणूस सरळ. तो लगेच म्हणाला, "पितळी. अस्वलनं डोकं म्हंजे दगड शे. शिसं तठे जाईसन रोटी व्हई जास."

"मुंबईनी ले ना भाई," युसुफ म्हणाला. डावा हात त्यानं नेहमीसारखा टॉवेलाखाली ठेवलेला. "कंपनीनी शेत. भरोसानी."

"भरोसानी? देख, हिरवी पडी गयीत. दोन पावसाळा खायेल शेत ती." नासिरनं एक उचलून त्याच्या नाकाशी धरलं. "आन पितळी तं तूच कराडी ना? नंदुरबारले, कापूसना जिनमधला भिकनकडथीन. लेथवर. तवय काय सांगे? हाथी बी आडवा व्हई जाई सांगे. आते तुलेच नकोत?"

"मी कोठे नको म्हणस? एक जनावर शे, कसाले पितळ वाया घालानं."

"तुन्हा भाऊ वाया गया तं चाली, पितळ नको जावाले!"

जामसिंग हसला. मुनव्वरमियाही हसले. युसुफ हसला नाही.

फुफीनं तूर थांबवली. पितळी गोळ्या कातून आणल्या तेव्हा हाच युसुफ आठ दिवस त्या खिशात घेऊन फिरत होता. फौजेच्या बंदुकीच्या गोळ्या टोकदार असतात म्हणून याच्याही टोकदार. भरल्याही स्वतः, फुफीला हात लावू दिला नाही. एकेक करून नाल्यावर उडवल्या आणि सादड्याचा ओंडका आरपार झाला म्हणून गावभर सांगत सुटला. आणि आता वाया जातात?

दाराच्या पडद्यामागून मोठी सून अख्तरबानो तिच्या कानाशी वाकली. या घरात एरवी सगळे अहिराणी बोलत, राग आला की उर्दू. अख्तरबानो उर्दूत बोलली.

"सुना फुफी? सड़ी हुई काडतुसें मेरे मियाँ के हाथ में दे रहा है. सामने रीछ, और बंदूक में से फुस्स. फिर दुकान किसकी, लायसन किसका?"

"चूप," फुफी म्हणाली.

"चूप क्या? आप ही बताओ, क्यों बोल रहा है वो?"

ते फुफीला सांगता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर अख्तरबानोच्या तोंडून "आप ही बताओ" ऐकून तिला आत कुठेतरी बरं वाटलं. हीच अख्तरबानो सव्वा वर्ष किल्ली कमरेला लावून फिरत होती. फुफीच्या हातची भाकरी चालायची, काडतूस नाही. आणि आज अचानक फुफीचं मत पाहिजे. उद्या नासिर सुखरूप परत आला की हिला पुन्हा फुफी आंधळी वाटणार.

"फुफीनी का नकोत?" मुनव्वरमियांनी विचारलं. सहज विचारल्यासारखं, भिंतीला.

"अब्बा," नासिर खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्हले माहीत शे का नकोत ते."

जामसिंगनं मान खाली घातली. "मियाभाई, कोन्ही बी ल्या. पण यानदा निंघताना बंदूकवर कोन्ही बाईनी नजर नको पडाले. मागला टाईमले तेच व्हयनं."

"ती तुन्ही काकी? फुलीबाई?"

"हा. ती सकायले उनी, युसुफभाईले पानी दिधं, बंदूकवर हात फिरावना, मोठी शे म्हने. आन बंदूक फुटनी. बडवानी दाना पाह्यात, तिन्हंच नाव निंघनं. डाकण." बडवा म्हणजे गावचा भगत, दाणे टाकून डाकणीचं नाव सांगणारा. जामसिंग शब्द मोजून बोलत होता. "घाटना पायथाले ऱ्हास ती आते, एकली. आन मियाभाई, तठलं मोह तीच एकली येची ऱ्हायनी. तिले अस्वल काहीच करस नही. गाव म्हनस, अस्वल बी तिन्हंच शे. अजून एक बाई गयी ना, मंग गाव मन्हं ऐकाव नही. दगडे ली जातीन तिन्हाकडे."

म्हणजे घाई अस्वलाचीच नव्हती. चार दिवसांत ते जनावर पडलं नाही तर एका म्हातारीचा जीव जाणार होता.

फुफीनं सूप बाजूला ठेवलं. तिला जे वाटलं ते दयेचं नव्हतं. फुलीबाईला गावाबाहेर काढलं ही बातमी आली होती ती रात्र तिला नीट आठवत होती. रायफल फुटल्यावर पहिल्यांदाच तिला झोप लागली होती. डाकण वगैरे मानणं गुनाह आहे, हे तिला ठाऊक. तरी वाटलं होतं, असेलही एखादीची नजर. म्हणजे आपला अंगठा नसेल. टोपी बसवली की ती प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून अंगठा फिरवायची, चाळीस वर्षं. वर राहिलेली टोपी डोळ्याला नाही दिसली तरी अंगठ्याला कळते. त्या खेपेलाही फिरवला होता. फिरवला होता ना? सव्वा वर्ष ऐकून ऐकून तिचं तिलाच आता शपथेवर सांगता येईना.

ती उठली. डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि ओट्यावर आली. जामसिंगच्या समोर.

"भाईजान, अब्बाना कायदा काय व्हता?"

मुनव्वरमियांनी चेहरा तिच्या आवाजाकडे वळवला. "कोनता?"

"काडतूस भरनार तोच पहिला बार करस."

हा त्यांच्या बापाचा कायदा. ज्यानं घाण भरली त्याच्याच तोंडावर फुटू दे, गिऱ्हाइकाच्या नको. फुफी बाई म्हणून तिच्या वतीनं मुनव्वरमिया पहिला बार करत आले. रायफल फुटायच्या आधीच्या दिवाळीला मात्र त्यांचे डोळे गेलेले, म्हणून तिची खेप कुणी न उडवताच डब्यात गेली होती.

"युसुफनी पितळी त्यानी सोता चालाडी," नासिर म्हणाला. "तुन्ही कोन्हीच नही चालाडी."

"मंग आज मी चालाडस. तीन बी डबा ल्या आन नालावर चला. जी चांगली चाली ती वर जाई."

"या खुदा," अख्तरबानो पडद्यामागून म्हणाली.

"फुफी, खांदा निखळी जाई तुन्हा," नासिर म्हणाला.

"मन्हा खांदा शे. तुन्हा बापना शे का?"

"कसाले हाई नाटक!" युसुफ एकदम मोठ्यानं बोलला. "मुंबईनी लिसन जा ना सरळ! उगच टाईम..."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. चैतातला घाम सगळ्यांनाच होता, पण फुफीला तो वेगळा वाटला.

नाला घराच्या मागेच. पाणी आटून गेलेलं, पलीकडे मातीचा उंच काठ, मध्ये बाभळी. मुनव्वरमियांना जामसिंगनं हाताला धरून आणून दगडावर बसवलं. अख्तरबानो मागच्या दारात उभी.

पहिली मुंबईची. नासिरनं खांद्याला लावली, चाप दाबला. टक्. काहीच नाही. तो शहाणा, नळी तशीच समोर धरून दहा आकडे मोजले, मग कडी ओढून ते काडतूस बाहेर टाकलं. दुसरं. आधी नुसतं फुस्स, मग जरा वेळानं धडाम, कुणीतरी दार लोटून विसरून गेल्यावर ते आपटावं तसं. माती कुठे उडाली तेही दिसलं नाही.

"हाई लिसन जा म्हने अस्वलपुढे," दारातून आवाज आला, आता मराठी-अहिराणी-उर्दू सगळं एकत्र. "वा रे भाई!"

युसुफ भावाच्या बाजूलाच उभा होता, हात दोन हात अंतरावर.

मग फुफी. तिनं आपली पाच काडतुसं एकेक करून पोटनळीत सारली. प्रत्येकाच्या बुडावरून अंगठा फिरवला, सवयीनं. जामसिंगनं रायफलीचा दस्ता तिच्या खांद्यात नीट बसवून दिला. नजरेचं वगैरे तो त्या क्षणी विसरला असावा. तिचा डावा हात पोटनळीखाली होता. युसुफचा होता तिथेच, बरोबर.

तिला भीती वाटली नाही असं नाही. खूप वाटली. मनात कलमा म्हटला आणि दाबला.

खांद्यावर कुणी मुसळ मारल्यासारखं झालं. समोर पांढरा धूरच धूर. ती दोन पावलं मागे गेली, पण पडली नाही. धुरातून जामसिंग ओरडला, "लागनी! काठमा हातभर घुसनी!"

"थांबू नको!" मुनव्वरमिया दगडावरून ओरडले. सत्तरीचा माणूस, पोरासारखा. "कडी मार, नजमू! कडी मार!"

नजमू. हे नाव त्यांनी किती वर्षांनी घेतलं! तिनं कडी मारली. दुसरा. तिसरा. चौथ्याला डोळ्यातून पाणी यायला लागलं, ते धुरानं असेल. पाचवा झाला तेव्हा डावा हात तिथेच होता, पाचही बोटं जागेवर.

नासिर पुढे आला आणि त्यानं रायफल तिच्या हातातून घेतली. मग म्हणाला, "चांगली शेत फुफी. पण त्या टाईमले एखादी ऱ्हाई गयी व्हई..."

"व्हई," फुफी म्हणाली. तिला दम लागलेला. एवढं करूनही ते तसंच राहिलं. एखादी राहिली असेल. फुटलेल्या काडतुसावरून कुणी अंगठा फिरवू शकत नाही.

"आते पितळी," नासिर म्हणाला. "जी जास्ती आत घुसी ती." आणि त्यानं पितळी काडतुसं पोटनळीत भरायला घेतली. एक. दोन.

फुफी खांदा चोळत बाजूला झाली. म्हणूनच तिला दिसलं. नासिरनं मुंबईची उडवली तेव्हा युसुफ त्याच्या शेजारी होता. तिनं स्वतःची उडवली तेव्हाही तो हलला नव्हता, उलट जवळ आला होता. जिच्या टोपीनं त्याची बोटं नेली म्हणत होता, तिच्या पाच काडतुसांना तो भ्यायला नव्हता. आणि आता, नासिर तिसरं काडतूस आत सारत असताना, युसुफ मागे सरकत होता. एक पाऊल, अजून एक. नुसता स्वतः नाही. धड असलेल्या हातानं त्यानं जामसिंगचा दंड धरला होता आणि त्यालाही बाभळीच्या मागे ओढत होता.

"युसुफ," फुफी म्हणाली.

तो थांबला.

"मांगे कसाले सरकी ऱ्हायना?"

"काही नही. धूर..."

"बार व्हयना नही अजून. धूर कोठे शे?"

चार. पाच. नासिरनं खांद्याला लावली. घोडा मागे ओढल्याचा आवाज आला.

"भाई, नको!" युसुफ बाभळीमागून असा किंचाळला की नाल्यातले बगळे उठले. "खाले ठेव! खाले ठेव ती! भाई, तुले अम्मानी कसम!"

नासिरनं नळी खाली केली. "काय व्हयनं रे?"

युसुफ खाली बसला होता. मातीत. टॉवेल पडला होता आणि तीन बोटांचा हात उघडा होता. "त्या दिन पितळी व्हतीत. पोटनळीमा. पाच बी. फुफीनी नही व्हती."

तो बोलत राहिला, भराभरा, ओकून टाकल्यासारखं. "एकेक चालाडी तवय काहीच नही व्हयनं. पण पोटनळीमा... एक मांगे एक ऱ्हास ना. मांगलीनं टोक पुढलीनी टोपीवर बठस. बारना धक्का बठना की टोक खिळानामायक... माले दुसराच दिन समजनं. खाटवर पडेल व्हतो तवय. शिसानी बोथट ऱ्हास ती याच करता, हाई माले तवय समजनं."

"आन टोपी?" मुनव्वरमियांनी विचारलं. "फुफीनी टोपी?"

"मी सांगं तसं. तुम्ही काय म्हनशात म्हनीसन. मंग नवलसिंगना डोया... मंग ती बाई... मंग मी कसं सांगू, अब्बा? रोज वाटे आज सांगसू. रोज ते मोठंच व्हये."

"तिले गावबाहेर काढं तवय बी तुले माहीत व्हतं?" जामसिंगनं विचारलं.

युसुफनं मान हलवली. होय म्हणून.

म्हणून मुंबईची घे, मुंबईची घे. खरं सांगायची छाती नाही आणि भावाच्या हातात पितळीही जाऊ देववत नाही. फुफीला वाटलं होतं, हे ज्या दिवशी उघडं पडेल त्या दिवशी ती घर डोक्यावर घेईल. प्रत्यक्षात ती नुसती आपल्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली.

"सव्वा वरीस," ती म्हणाली. "सव्वा वरीस मी या आंगठाले शिव्या दिध्यात रे."

मुनव्वरमिया उठले. हातानं चाचपत युसुफच्या दिशेनं दोन पावलं गेले आणि थांबले. मारायचं होतं की धरायचं होतं, त्यांचं त्यांनाच ठरवता येईना बहुतेक. ते उर्दूत एवढंच म्हणाले, "नासिर, पहले वो बंदूक खाली कर. आहिस्ता. नाल जमीन की तरफ."

कडी हळूहळू फिरली. एकेक पितळी काडतूस मातीत पडलं. जामसिंग पाठमोरा उभा होता.

"मी धरेल व्हता तिन्हा हात," तो म्हणाला. "काकीना. गावनी शीवपार मीच सोडी उनु. ती रडनी बी नही. मन्हाकडे देखे नुसती." मग तो वळला. "युसुफभाई, तू वर चाल. पंचसमोर सांग हाई."

"मारी टाकतीन माले."

"मारतीन बी," जामसिंग म्हणाला. त्यानं समजूत घातली नाही. "नवलसिंग मन्हा भाऊ शे. मी काय सांगू त्याले? मारू नको?"

युसुफनं बापाकडे पाहिलं, मग भावाकडे. नासिरनं तोंड फिरवलं. मागच्या दारातून अख्तरबानो डोक्यावर ओढणी न घेताच नाल्यात उतरून आली. परक्या माणसासमोर अशी ती पहिल्यांदाच आली असेल. फुफीचा डबा उचलला, खाली बसली आणि एकेक काडतूस ओढणीनं पुसून नवऱ्याच्या पट्ट्यात खोचायला लागली. मग कमरेची किल्ली सोडून तिनं फुफीपुढे धरली. फुफीनं ती घेतली नाही.

"आल्यावर," ती म्हणाली. "भिला गाडीवानले सांग गाडी जुंपाले. मी जास यासन्हासंगे."

"तू? तू कोठे चालनी?" मुनव्वरमिया चमकले.

"हाऊ एकला गया तं आर्धंच सांगी. मन्हं बी काही सांगानं शे."

गाडी घाटाच्या पायथ्याशी पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पानांची झोपडी, पुढे सारवलेलं चौकोनी अंगण आणि त्यावर मोहाची फुलं वाळत घातलेली, पिवळी, चिकट वासाची. फुलीबाई उकिडवी बसून ती उलथत होती. काटकीसारखी बाई. गाडी थांबली, चार माणसं उतरली, एकाच्या खांद्यावर रायफल. ती उठली नाही. फक्त बसल्या बसल्या जवळचा कोयता ओढून मांडीशी घेतला.

युसुफनं सांगितलं. सगळं. मध्ये एकदा तो "धक्का बठना" म्हणून थांबला तेव्हा फुफीनं "आन? फुढे?" म्हटलं आणि त्याला उरलेलं सांगावंच लागलं. फुलीबाई फुलं उलथत राहिली. जणू कुणीतरी दुसऱ्या गावची गोष्ट सांगतंय.

मग फुफी तिच्यासमोर मातीतच बसली. "माले बी सांगानं शे, बाई. तुन्हं नाव निंघनं तवय माले बरं वाटनं. मन्हं नाव सुटनं म्हनीसन. मी त्या रातले झोपनी."

आता म्हातारीनं वर पाहिलं. माफीचं काही नव्हतं त्या बघण्यात. मग म्हणाली, "माले कसाले सांगी ऱ्हायनात? माले तं माहीतच व्हतं मी कोन शे ते. वर सांगा."

"त्याकरताच उनूत, काकी," जामसिंग म्हणाला. "तू बी चाल. गाडीमा बठ."

"गाडीमा नही बठत मी."

तिनं फुलं टोपलीत भरली. सगळी, एकही न ठेवता. टोपली डोक्यावर घेतली, कोयता हातात. जामसिंग तिच्यासाठी वाटेतून बाजूला झाला, तिनं पुढे जावं म्हणून. ती हलली नाही.

"तू पुढे चाल, जाम्या."

"तू चाल ना काकी. मी शे मांगे."

"मांगे नको. माले तुम्हना भरोसा नही." तिनं कोयत्यानं एकेकाला दाखवलं. जामसिंगला, रायफलवाल्या नासिरला, युसुफला. शेवटी फुफीलाही. "सगळा पुढे चाला. माले दिसशात असा."

जामसिंग पुढे झाला, त्याच्या मागे युसुफ, मग नासिर. फुफी शेवटची होती, गुडघे दुखत होते, तरी ती एकदाही थांबली नाही. पूर्ण घाटभर मागून कोयता काट्यांवर घासत येत होता, आणि तिच्या पाठीवर, खांद्याच्या बरोबर मध्ये, ती म्हातारी बघत होती.